जिवतीच्या घाटातली सायकल

मोहाची फुलं टपटप गळायच्या वेळेला जंगू घरातून निघाला. काम साधंच होतं. थोरला भाऊ लच्छू तापानं गेला होता. त्याच्या नावाचं जेवण ठरलं होतं, अन् वर जिवतीकडे दिलेल्या बहिणीला, सुकरीला, घेऊन यायचं होतं.

"लच्छूची सायकल मोडली ना रे खरंच?" आई सोमारीनं दारातून विचारलं.

"मोडली म्हणलं ना, माय!"

खोटं होतं. मेलेल्याची कुऱ्हाड, लोटा, काठी, सारं मोडून त्याला पुरलेल्या मातीवर ठेवायचं, ही त्यांची रीत. मोडलं की ते त्याला पोचतं. शाबूत राहिलं तर मेलेला त्या वस्तूमागं भटकत राहतो. पण खाणीत राबून लच्छूनं घेतलेली ती काळी सायकल! जंगूच्यानं दगड उचलवला नाही. पळसाच्या झुडपात त्यानं ती लपवली होती. तीच काढून त्यानं घाटाला लावली.

त्या घाटात भलेभले उतरून सायकल ढकलत. लच्छू मात्र पायडल मारत बसायचा, अन् मागून रेटणाऱ्या जंगूला ओरडायचा, "जोर लाव बे, मरतुकड्या!" आज रेटायला कोणी नव्हतं. पहिल्याच वळणाला जंगूच्या मांड्या भरून आल्या. झाडांखाली मोह वेचणाऱ्यांनी पाचोळा जाळला होता. त्याचा निळा धूर रस्त्यावर तरंगत होता. त्या गोडसर धुरात शिरताच सायकल हलकी झाली. चढाव तसाच उभा, अन् चाकं आपसूक वर सरकत होती. मागून धापा ऐकू येत होत्या.

"भाऊ...?"

धापा तशाच चालू राहिल्या.

जंगू भ्याला नाही. त्याला हसू आलं, रडूही आलं. घाट संपूच नये असं वाटलं. "धवळी गाय व्याली, भाऊ. गोऱ्हा झाला," तो सांगत सुटला. "तुयासारखाच हट्टी हाये..."

वळणावर एक म्हातारी टोपली घेऊन वाकली होती. ती ताठ झाली.

"काऊन रे बाबू, मांगच्याले थांबव ना. तोंडातून रक्त येऊन राह्यलं त्याच्या."

"मले... नाई दिसत, आजी."

"तुले कसा दिसन? तू म्होरं पाहून राह्यला. तुई मजा होते, त्याचा जीव जाते."

जंगूनं ब्रेक दाबला. मागच्या धापांना आता घरघर लागली होती. तो उतरला. मागं न पाहता त्यानं मोठा धोंडा उचलला, अन् रडत रडत चाकांच्या तारा तोडल्या, हँडल वाकवलं, घंटी चेचली.

"घेऊन जा, भाऊ. तुई हाये."

घरघर थांबली. धुरात फक्त फुलं पडत राहिली. जंगू उरलेली वाट पायी चालू लागला. कशी सरली, ते त्यालाही कळलं नाही.

सुकरी अंगणात लोटा घेऊन आली. त्याच्या पायांवर पाणी ओतता ओतता थबकली.

"घाटावरून पायी आला तू?"

"हो. काऊन?"

"पायाले धूळ नाई, जंगू..."

तिनं हळूच त्याचा हात वर केला. सदऱ्यावर, दोन्ही काखांखाली, ओल्या चिखलाचे पंजे उमटले होते.