टायरोसिनवरची खूण

चंद्रावरच्या वसाहतीतल्या तिसऱ्या घुमटात मधमाश्या उडेनाशा झाल्या होत्या. पेटीच्या तोंडाशी येत, पंख फडफडवत आणि तिथेच बसून राहत. भोपळ्याची फुलं फळ न धरताच गळत होती. माश्यांच्या अंगात ना जंतू सापडले, ना विषाणू. तरी हा रोग इतर घुमटांत पसरेल या धास्तीने वसाहतप्रमुख दळवींनी ठरवलं, की संध्याकाळी सगळ्या पेट्या गोठवून टाकायच्या.

शाल्मली बाबांबरोबर या पेट्यांची देखभाल करायची. ती तडक आत्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिची आत्या, डॉ. मुक्ता पोंक्षे, प्रथिनांचा अभ्यास करायची.

"आत्या, माश्यांच्या स्नायूंमधली प्रथिनं कमी झाली असतील का गं?"

"तेच पाहिलं मी. आजारी माशीत आणि पहिल्या घुमटातल्या धडधाकट माशीत ती सारखीच भरली."

"मग फरक कशात आहे?"

आत्याने तिच्यासाठी स्टूल ओढलं. "प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची (प्रथिन ज्या छोट्या रेणूंचं बनतं, त्यांची) माळ समज. कधी मणी तोच राहतो, पण त्याला बाहेरून काहीतरी चिकटतं. टायरोसिन नावाच्या मण्याला नायट्रो गट (नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू) चिकटला, की प्रथिनाचं काम बिघडू शकतं. मोजायला गेलं तर मणी तेवढेच."

"इतकं बारीक दिसणार कसं?"

"त्याला पकडायचं." आत्याने फ्रिजमधून चिमुकली कुपी काढली. "यात प्रतिपिंडं आहेत (परका पदार्थ ओळखून त्याला धरणारी, शरीरात तयार होणारी प्रथिनं). पृथ्वीवर नायट्रो गट चिकटवलेलं प्रथिन सशाला टोचलं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली. त्यातली नायट्रो-टायरोसिनला धरणारी तेवढी निवडून घेतली. साध्या टायरोसिनकडे ती ढुंकूनही बघत नाहीत."

तिने पातळ पांढऱ्या पट्टीवर दोन्ही माश्यांच्या प्रथिनांचे थेंब ठेवले, वर प्रतिपिंडं सोडली, पट्टी धुतली आणि प्रतिपिंडं चिकटलेल्या जागी रंग आणणारं द्रावण ओतलं. धडधाकट माशीची जागा कोरी राहिली. आजारी माशीच्या जागी तपकिरी ठिपका उमटला.

आत्या दळवींना फोन लावणार, तोच शाल्मली म्हणाली, "पण प्रतिपिंडं भलत्याच कशाला चिकटली नसतील कशावरून?"

आत्याने फोन खाली ठेवला. "बरोबर विचारलंस. खात्री करून घेऊ. आधी त्यांना भरपूर सुटं नायट्रो-टायरोसिन देऊ. त्यांचे हात तिथेच अडकतील. ती खरोखर हीच खूण ओळखत असतील, तर या वेळी ठिपका येता कामा नये."

तशाच थेंबांची दुसरी पट्टी या अडकवलेल्या प्रतिपिंडांनंतर द्रावणात पडली. शाल्मली वाकून बघत राहिली. पट्टी पांढरीशुभ्र राहिली.

"म्हणजे हा रोग नाही," आत्या सावकाश म्हणाली. "हवेतून काहीतरी येतंय. विजेच्या ठिणग्यांनी हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, आणि त्यातून टायरोसिनला नायट्रो गट चिकटवणारा वायू बनतो."

शाल्मली ताडकन उठली. "पेट्यांमागचा नवा पंप! तो सारखा तडतडतो."

दळवी आले. दोन्ही पट्ट्या त्यांनी उजेडात धरून पाहिल्या. घुमटाच्या दारावरचं वायुमापक यंत्र त्यांनी काढून पंपाजवळ नेलं. तिथे त्यावरचा लाल दिवा लागला. त्यांनी स्वतःच्या हाताने पंप बंद केला.

"पेट्या गोठवायच्या नाहीत," ते म्हणाले. "स्वच्छ हवेत हलवा. आणि शाल्मली, तुझी शंका लाखमोलाची होती."

जुन्या माश्या फारशा सावरल्या नाहीत. पण काही आठवड्यांनी नव्या हवेत जन्मलेल्या माश्या भराभर बाहेर पडल्या आणि भोपळ्याच्या पिवळ्या फुलांवर तुटून पडल्या. सगळा घुमट त्यांच्या गुणगुणण्याने भरून गेला. दळवीसुद्धा काम सोडून ऐकत उभे राहिले.

"माणसांच्या प्रथिनांवरही अशा खुणा असतात?" शाल्मलीने विचारलं.

"शेकडो प्रकारच्या. काही कामाच्या, काही घातक. बऱ्याच खुणांना ओळखणारी चांगली प्रतिपिंडं अजून कुणी बनवलेलीच नाहीत."

"मग मी बनवीन."

आत्या हसली नाही. पृथ्वीवरून येणाऱ्या पुढच्या यानातून तिने शाल्मलीच्या मापाचे हातमोजे मागवले.