हिरवी नळी आणि प्रॉम्प्टर

धनराजने उर्वशीला आधी आतून पाहिलं आणि मग बाहेरून. प्रेमाच्या प्रांतात हा क्रम फारसा रूढ नाही. पण चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात त्याची नोकरीच तशी होती. दुर्बिणीतून ऑपरेशन व्हायचं असलं की पेशंटचा स्कॅन त्याच्याकडे यायचा. तो संगणकावर यकृत तपकिरी रंगवायचा, पित्ताशय पिवळं, पित्ताची नळी हिरवी. ऑपरेशनच्या वेळी हे रंगीत चित्र पडद्यावरच्या खऱ्या पोटावर अलगद पांघरायचं — चरबीआड दडलेली नळी साधारण कुठे असेल, ते डॉक्टरांना कळावं म्हणून.

एका दुपारी लिफ्ट बंद होती. जिन्यावर एक मुलगी कठडा धरून सावकाश चढत होती. हातातल्या स्कॅनच्या पाकिटावर नाव होतं. धनराजने ते वाचलं, आणि त्याच्या तोंडून निसटलं,

"अरे! तुमचं पित्ताशय तर मी ओळखतो!"

उर्वशी वडशाच्या नाटक कंपनीची नायिका. झाडीपट्टीतल्या गावोगावच्या शिट्ट्या तिने पचवल्या होत्या. पण इतक्या खोल शिरून कौतुक कोणी केलं नव्हतं.

"मंग कसं आहे जी दिसायले?" तिने डोळे बारीक केले.

"चांगलं आहे... म्हणजे — खडे आहेत. पण चांगलं आहे."

"खडे असून चांगलं! लग्न जमवाचा धंदा करा बापा तुमी."

ती प्रत्येक पायरीवर थांबत होती. आपल्याशी बोलता यावं म्हणून थांबते, असं धनराजने धरलं.

पुढे ती तपासण्यांना येत राहिली आणि धनराजला कँटीनचा चहा एकाएकी आवडू लागला. एकदा बशीत चहा ओतता ओतता तिने विचारलं, "तुमच्या मशीनीत सगळंच दिसते का जी?"

याचं खरं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात धनराज कुठेच नव्हता. तिच्या पापणीवर भुरभुरलेला केस पाहून त्याने सोयीचं उत्तर निवडलं.

"सगळं. आमच्यापासून आतलं काही लपत नाई."

"आपण नाई सांगतलं तरी?"

"नाई सांगतलं तरी."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. धनराजला वाटलं, हेच ते प्रेम. पुरुषांना असं वारंवार वाटतं.

ऑपरेशनच्या सकाळी ती थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर पडून होती. केस टोपीत, डोळे मात्र रंगमंचावरचेच.

"मंग, दिसली का माही गोळी?"

"कोनती गोळी?"

"गुडघ्याची. नाचून नाचून दुखते ना जी. रोज घेतो मी. मेडिकलवाला म्हणे, रक्त पातळ करते."

"कोणाले सांगतली?"

"सिस्टरनं विचारलं तवा बाजूले नानाजी होते. कंपनीच्या मालकासमोर नायिका गुडघ्याचं कशी सांगन? दिवाळीमागच्या मंडईच्या जत्रेतला पहिला खेळ माह्या हातचा जाते. म्हटलं, मशीनीत दिसतेच तं कायले बोलू..." ती थबकली. "नाई दिसली?"

धनराजला ती जिन्यातली प्रत्येक पायरी आठवली. 'पेशंटला आत्ताच आठवलं' एवढं सांगूनही भागलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयारही होतं. पण त्या टोपीखालच्या डोळ्यांपुढे ते बाहेरच पडेना.

"मॅडम, थांबा," तो आत जाऊन डॉक्टर गेडामबाईंना म्हणाला. "ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. सांगितली नाही, कारण मीच म्हटलं होतं... आपल्या यंत्रात सगळं दिसतं."

"सगळं?"

"...सगळं."

बाईंनी हातमोजे उतरवले. "मला तर त्यात तुझी अक्कल कधी दिसली नाही, धनराज."

सिस्टर हसल्या. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. ते का, हे दाराबाहेर बसलेल्या नानाजींनाही कळलं, आणि संध्याकाळच्या आत पहिल्या खेळांचं काम कंपनीतल्या दुसऱ्या नटीकडे, पुनमकडे गेलं.

धनराज वॉर्डात गेला तेव्हा उर्वशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो भिंतीशीच बोलला.

"तुमच्या नाटकात प्रॉम्प्टर असते ना, तसं आहे ते चित्र. वही आधीचीच. नट सरकला तरी वही सरकत नाई. पोटात हवा भरली का यकृत सरकते, चित्र तिथंच राह्यते. मंग डॉक्टरनं आपल्याच डोळ्यानं खेळ करायचा. कधी दुर्बीण बाजूले ठेवून पोटही उघडावं लागते — ते त्यायले आधीच विचारून ठेवा. आन् गोळी... गोळी तं कोनत्याच चित्रात येत नाई."

"प्रॉम्प्टर असून हिरो बनले तुमी," भिंत म्हणाली.

"हाव."

तिने कूस बदलली. "खोटं तं मीबी बोलली."

गोळी थांबवून, रक्त पुन्हा तपासून ऑपरेशन झालं. मध्येच गेडामबाई म्हणाल्या, "तुझं हिरवं काढ, मला खरं पाहू दे." धनराजने मुकाट्याने काढलं.

दिवाळीनंतर मंडई भरली. धनराज संत्र्यांची पिशवी घेऊन मंडपामागे गेला, चोरासारखा. नायिकेच्या साजात पुनम मिरवत होती आणि उर्वशी विंगेत खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसली होती. बरं वाटेपर्यंत नानाजींनी तिला प्रॉम्प्टर केलं होतं.

"तुमचं काम माह्यामुळं गेलं," तो म्हणाला.

"संक्रांतीले परत घेतो मी ते." तिने मान वर केली नाही. "आत काय दिसलं तवा?"

"खडे."

"आनखी?"

"आनखी काही दिसत नाई जी. सांगतल्याबिगर कळत नाई."

"मंग सांगा ना."

धनराजचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पिशवीतलं एक संत्रं घरंगळत गेलं. दुसरी घंटा झाली. उर्वशीने वहीवरची नजर न हलवता, फक्त नटालाच ऐकू जाईल अशा आवाजात वाक्य पुरवलं,

"उर्वशी..."

"उर्वशी..."

"मले तू..."

"थांबा. पुढचं मले येते," धनराज म्हणाला. आणि त्याने ते म्हटलं — पण कुजबुजायची सवय प्रॉम्प्टरला असते, त्याला नव्हती. पडद्यापलीकडून अख्ख्या मंडपाने शिट्ट्या मारल्या.

धनराज कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. उर्वशीने वही तोंडावर धरली. वही हसण्याने हलत होती.

"हळू बोला जी! साऱ्यायले ऐकू गेलं."

"जाऊ द्या," तो तिच्या खुर्चीशी बसत म्हणाला. "दिसत तं नाई ना कोणाले."