सरकत्या काचेपलीकडचे हात

सुमंत मला भेटला तो आप्पांच्या पिकअपची मागची काच फुटली म्हणून! चामराजपेटातलं काचेचं दुकान त्याच्या मामांचं. माप घेताना त्यानं काचेपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहिलं... मग मीही रोज काहीबाही विचारायला जाऊ लागले. आज सरकती काच बसायची होती. आणि उद्या सकाळी सुमंत कॉलेजसाठी हुबळीला निघायचा होता. म्हणजे सांगायचं तर आजच!

“आश्लेषा, तू गाडीत बस,” तो म्हणाला. काचेभोवती रबर, रबराच्या खाचेत दोरी. “मी मागं हौद्यातून काच दाबणार, तू आतून दोरी ओढायची. स्वल्प स्वल्प, हळूहळू हं. घाई केलीस तर तडकेल.”

“कोण, काच की तू?”

तो असा लाजला ना! त्यानं काचेवर साबणाचं पाणी ओतलं आणि पलीकडचं सगळं धूसर झालं. भर दुपारी आभाळ काळं. गल्लीत चिटपाखरू नाही.

फेसाआडून दोन तळवे काचेला टेकले. मी दोरी ओढली. तळवे दोरीबरोबर सरकत गेले — अगदी नेमके, मुकाट्यानं. चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच धीर आला.

“सुमंत... तू मला आवडतोस. खूप. बोल ना काहीतरी!”

तळवे थांबले. मग एक बोट काचेवर वाजलं. टक्... टक्. दोरीचं टोक माझ्या हातात आलं. काच बसली.

तेवढ्यात माझ्या शेजारचं गाडीचं दार उघडलं. सुमंत! हातात बादली.

“‘आलोच’ म्हणून पाणी आणायला गेलो, ऐकलं नाहीस?” त्यानं काचेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “ही... ही कुणी दाबली?”

मी काच सरकवून पाहिलं. हौदा रिकामा. अंगावर सर्रकन काटा आला... आणि रागही! एवढं मोठं वाक्य, ऐकलं कुणी?

“काय बोलत होतीस गं आत?” तो शेजारी बसत कुजबुजला.

माझे दात वाजत होते. तरी म्हटलंच — “तू मला आवडतोस. दुसऱ्यांदा सांगतेय. तिसऱ्यांदा नाही सांगणार!”

“सरी,” तो म्हणाला.

“सरी म्हणजे?”

“म्हणजे... बरं. मलाही तू.” त्यानं माझा हात धरला.

आणि आमच्या मागे, रिकाम्या हौद्यातून कुणीतरी खाली उतरावं, तशी गाडी अलगद वर उचलली गेली.

आम्ही मागं पाहिलं नाही.