पुसायचा कप्पा

मिरकरवाड्याच्या जेटीला लागून समरीनची कार्यशाळा. बोटींवर बसवायचे संकटाचे डबे ती बनवायची. लाल बटण दाबलं की बंदराला निरोप जायचा. डब्यातली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना मेमरी शून्यानं पुसते. मेमरीचा कुठला कप्पा पुसायचा नि कुठला जपायचा, हे समरीनच फाइलीत लिहायची. एवढं एकच काम, आणि तिथंच बाईनं माती खाल्ली होती.

बटणाची नोंद तिनं पुसायच्या कप्प्यात टाकलेली. बोटीत पाणी शिरून बॅटरी लुकलुकली की डबा बंद पडून पुन्हा सुरू होणार, आणि निरोप निघायच्या आत नोंद साफ. हे ध्यानात आलं ते नझीर तांडेलची बोट त्याच्यासकट बुडाल्यावर. चार महिने झाले. इतर डबे तिनं गुपचूप दुरुस्त केले, पण धड झोप नव्हती आणि कुणाला सांगायची छातीही नव्हती.

आज नझीरचा डबा कुणाच्या तरी जाळ्यात आला. त्याची बायको हाजरा तो ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि स्टुलावर बसली.

“बटण दाबलंन काय गो त्यानं? एवढंच सांग. हाका मारायची सवयच नव्हती त्याला. घरीपण बेल वाजवायचा. दोनदा, मग थांबून एकदा. ‘आले, आले’ करत मी जायची.”

समरीननं डबा उघडला. बटण गंजून गळून गेलं होतं, भोकात वाळू. तिनं वीज जोडली. बटण किती वेळा दाबलं त्या नोंदीपुढे पडद्यावर शून्य आलं.

“शून्य दिसतंय, चाची.” खोटं नव्हतं; पुसलेलंही शून्यच दिसतं.

शून्याचा एक झाला. लगेच दोन. जरा वेळानं तीन.

खार लागलाय, दुसरं काय, असं म्हणत तिनं बटणाच्या वायरी कापल्या. डबा बंद करून परत चालू केला.

शून्य. एक, दोन.

तीन.

समरीनला एकदम फार थकल्यासारखं झालं. “चाची, चूक माझी आहे. तो दाबत होता, मीच पुसत होते.”

हाजरा तिच्याकडे बघतच नव्हती. ती आकडा बघत होती.

चार, पाच.

सहा.

हाजरानं ओढणी सारखी केली. “आले, आले,” म्हणत ती जेटीकडच्या दाराशी गेली आणि तिनं कडी काढली.

आकडा शून्य झाला. या वेळी समरीननं काहीच पुसलं नव्हतं.