दुसऱ्या बाजूचा गडी

मोबाइलवर जुने गेम खेळून "काय भारी दिवस होते ना" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. काचेवर बोट घासून बुक्की मारता येत नसते, भाऊ. त्याला खालून घट्ट बसवलेली स्टिक लागते, हजार पोरांच्या घामानं गुळगुळीत झालेला तिचा गोळा लागतो, आणि दाबल्यावर बोटाला कळणारं बटण लागतं. बाकी सगळा पोरखेळ.

मी अजिनाथ. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या व्हिडिओ गेमच्या मशिनी शोधत हिंडायचो. सापडली की तिच्यावर खेळायचं, व्हिडिओ काढायचा, काय चांगलं काय भंगार ते तोंडावर सांगायचं आणि आपल्या चॅनलवर टाकायचं. बघणारे मूठभर, पण एखादा आवाज चुकीचा सांगितला तर शिव्या घालणारे.

मारामारीचा गेम तपासायची माझी एक पद्धत होती. दोन्ही बाजूंना नाणी टाकायची. पहिल्या बाजूला मी. दुसऱ्या बाजूचा गडी नुसता उभा, कारण त्याची स्टिक धरायला कुणी नसतं. मग त्याला निवांत ठोकून बघायचं. डाव्या गालावर दोन बुक्क्या, नडगीवर लाथ, बरगडीत गुडघा, जरा थांबून हनुवटीखालून वर. प्रत्येक मशिनीवर हाच क्रम. कुठलं बटण मेलंय, कुठला मार लागतो, कुठला हवेत जातो, सगळं कळतं. या नादातली सगळीच माणसं असं करतात. त्यात कुणाचं काय जातं?

ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. शहर औरंगाबाद. चिकलठाण्याच्या पलीकडं दर महिन्याला एक नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि खालच्या वसाहतींत नळाला नुसती हवा येत होती. माझा धाकटा भाऊ बिभीषण पाण्याचा टँकर चालवायचा. आमच्या बापानं चितेगावकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली. मी शिकून कारखान्यात आलो, बिभीषण स्टेअरिंगवर बसला, पण माळ काही त्याच्या अंगातून गेला नाही. टँकरला पाइप लावून द्यायचा आणि बाजूला अस्सल मेंढक्यासारखा उभा राहायचा, एका पायावर भार, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला.

"मेंढरं कुठं गेली रं तुझी?" मी चिडवायचो.

"ही काय, घागरी घिऊन हुभी हायेत," तो म्हणायचा आणि फिदीफिदी हसायचा.

आई गेली तेव्हा तो लहान होता. त्याला मीच खांद्यावर घेऊन वाढवलं. मला स्वतःचं पोरबाळ नाही, आणि खरं सांगायचं तर बिभीषण असताना मला ती उणीव कधी भासली नाही.

मेच्या अखेरीला काकासाहेबांचा फोन आला. जालना रोडला त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, कधीच बंद पडलेलं. रस्ता रुंद होणार म्हणून पुढची भिंत पडणार होती. "मागच्या खोलीत एक मशीन हाय. बघून जा," म्हणाले.

भर दुपारी गेलो. पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. मशिनीवरची धूळ पुसली. लाकूड फुगलेलं, नावाची पट्टी खरवडून काढलेली, आत कुठल्यातरी नकली कंपनीचा बोर्ड. पण पडदा चक्क लागला. दोन गडी, समोरासमोर. वेळेचं बंधन नाही. एक पडेपर्यंत डाव चालू. वा, म्हटलं, असा गेम मी आजवर बघितला नव्हता.

मी दुसऱ्या बाजूला नाणं टाकायला गेलो, तर काकासाहेबांनी माझं मनगट धरलं.

"एकटाच हायेस ना? मग एकच बाजू चालू कर."

"का बरं?"

"माझ्या दुकानात तशी रीत होती. तिकडची स्टिक धरायला माणूस असल्याबिगर मी तिकडं नाणं टाकू देत नव्हतो."

"अहो काका, पण का?"

"उगं," ते म्हणाले. "बरं नाय दिसत ते."

म्हातारा पोरांना वचकात ठेवायला काहीतरी नियम करून बसलेला, मला काय त्याचं! ते पाणी प्यायला बाहेर गेले आणि मी दोन्ही नाणी टाकली. मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ सुरू केला.

दुसऱ्या बाजूचा गडी एका पायावर भार देऊन उभा होता. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला.

मला हसूच आलं. परदेशात बसून गेम काढणाऱ्या चित्रकाराला माळावरचा मेंढका कुठं भेटला म्हणे! तसं मी व्हिडिओत बोललोही. मग मारायला लागलो.

पहिली बुक्की गालावर बसली. आवाज फार चांगला होता, ओल्या पोत्यावर काठी हाणल्यासारखा. दुसरी बसली, आणि गड्यानं हात गालाला लावला. हे मला खटकलं. जुन्या गेममध्ये मार खाणाऱ्याची ठरावीक दोन-तीन चित्रं असतात. तीच तीच फिरतात. हा मात्र प्रत्येक वेळी वेगळा कळवळत होता. नडगीवर लाथ बसली तसा तो खाली वाकला आणि त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी मारलं ते बघावं तसं. बरगडीत गुडघा घातला तेव्हा तोंडातून लाल ठिपके उडाले आणि जमिनीवर पडले ते तिथंच राहिले.

"कारागिरीला दाद द्यावी लागेल," मी मोबाइलकडं बघून म्हणालो. हनुवटीखालून वर हाणला. तो आडवा झाला आणि हाताच्या आधारानं उठला. मी तोच क्रम पुन्हा केला. पुन्हा केला. अंगात कसला जोर आला होता देव जाणे, मजा येत होती. त्याचा एक डोळा मिटला. वरच्या पट्टीत त्याची लाइफ नखाएवढी उरली, तेवढ्यात मोबाइल वाजला आणि व्हिडिओ तुटला.

नंबर बिभीषणचा, आवाज बाईचा.

"ह्या फोनात 'दादा' लिवलंय. टँकरवाल्याचे दादा तुमीच का? आमी त्याला घाटी दवाखान्यात नेतोय, या लवकर. लई मार बसलाय त्याला."

मशीन तशीच चालू टाकून मी पळालो.

वॉर्डात बिभीषणला मी आधी ओळखलंच नाही. एक डोळा बंद, ओठ फाटलेला, बरगड्यांना पट्टा. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साचलंय, आणखी एखादा मार बसला असता तर हाती लागला नसता. फोन करणारी बाई खाटेपाशी उभी होती. द्वारकाबाई, त्या वसाहतीतली. लुगड्यावर रक्त वाळलेलं.

माझं डोकं फिरलं. "कुणी मारलं? नावं सांगा! एकेकाला बघतो!"

"आमी शिव्या घातल्या, व्हय," ती म्हणाली. "पाणी बिल्डरला इकलं म्हणून भांडलो. पण हात कुणीच लावला नाय. तो टँकरपाशी हुभा व्हता, एका पायावर. अन् त्याचं तोंडच फिरलं. मंग परत फिरलं. मंग नडगी धरून वाकला. मंग बरगडी. मंग हनवटीखाली कुणीतरी हाणावं तसा उताणा पडला. उठला, तर परत तसंच. आमी समदे लांब सरकलो हुतो, दादा. मधी कुणी नव्हतं."

तिनं सांगितलेला क्रम मी हातानं हवेत करून पाहिला. दोन वर, एक खाली, गुडघा, हनुवटी. माझाच क्रम होता तो.

त्याच वेळी बिभीषणचं डोकं उशीवर फाडकन फिरलं. गालावर चार बोटांच्या गाठी उमटल्या. खाटेपाशी मी आणि द्वारकाबाई, दोघंच.

"बघा!" ती किंचाळली.

मी काकासाहेबांना फोन लावला. "काका, मशिनीवर कोण खेळतंय?"

"कुणी नाय. मी भाईरच बसलोय." मग आवाज खाली आला. "पर आतून बटणं वाजत्यात, अजिनाथ. मी वायर काढू का?"

"नको!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की सिस्टर धावत आली. मशीन बंद केल्यावर आतला गडी कुठं जातो, हे इतक्या वर्षांत मी कधी मनातही आणलं नव्हतं. "काका, दुसऱ्या बाजूची स्टिक धरा. मागं ओढून धरा, म्हणजे तो हात वर घेतो. सोडू नका. पाया पडतो तुमच्या, सोडू नका!"

मोटारसायकल जालना रोडवर कशी हाणली ते मला आठवत नाही. दोन ठिकाणी लोकांनी शिव्या दिल्या, तेवढं आठवतं.

काकासाहेब दोन्ही हातांनी स्टिक मागं ओढून उभे होते आणि रडत होते. शेजारची, पहिल्या बाजूची स्टिक आपसूक हलत होती. बटणं दबत होती, सुटत होती. पडद्यावर दुसऱ्या गड्यानं दोन्ही कोपर तोंडासमोर धरले होते आणि त्यांच्यावर मार पडत होता.

मी त्यांच्या हातातून स्टिक घेतली.

दोन वर. अडवले. एक खाली. अडवला. गुडघा. अडवला. मग जरासं थांबणं. हनुवटी. अडवली.

समोरचा माझ्यासारखाच खेळत होता. माझ्याच चुका, माझाच माज.

पण नुसतं अडवून किती वेळ निभणार? हातातून घाम गळत होता. एकदा स्टिक निसटली आणि एक बुक्की आत शिरली. नखाएवढी लाइफ अर्धी झाली.

"हाण की त्याला!" काकासाहेब ओरडले.

तो थांबला त्या फटीत मी बटण दाबलं. बुक्की समोरच्याच्या तोंडावर बसली.

माझ्या तोंडात काहीतरी मोडलं. थुंकलो, तर दात.

पडद्यावर पहिला गडी उलट्या हातानं तोंड पुसत होता. मीही पुसत होतो.

काकासाहेब भिंतीला टेकले. "अरं देवा," एवढंच म्हणाले.

बिभीषण खाटेवर होता. मी पुन्हा बटण दाबलं.

नाक फुटलं. मी दाबलं. बरगडीत कळ आली, श्वास अडकला. दाबलं. डोळ्यात रक्त उतरलं, पडदा लाल दिसायला लागला. आईची आठवण आली. दाबलं. पायातलं बळ गेलं आणि मी मशिनीला कवटाळून उभा राहिलो. दाबलं.

पहिल्या बाजूची स्टिक थांबली.

पडद्यावर पहिला गडी गुडघ्यांवर बसला होता, पडला नव्हता. दोघांचीही लाइफ नखाच्या टोकाएवढी. काकासाहेबांनी तारेनं दुसरी स्टिक मागं ओढून घट्ट बांधली, पीळ देऊन देऊन. मग मला उचललं.

त्याला आता बरेच महिने झाले. दुकानाची पुढची भिंत रस्त्यात गेली, मागची खोली राहिली. लाइट गेली तरी मशीन बंद पडू नये म्हणून मी तिला इन्व्हर्टर लावलाय. चॅनल बंद केला.

बिभीषण घरी आला. डॉक्टरांनी चांगला झाला म्हणून सोडलं, पण त्याचे दोन्ही कोपर तोंडासमोरच असतात. झोपेतही. आम्ही जोर लावून पाहिला, हलत नाहीत. मी कोपरांच्या मधल्या फटीतून त्याला कालवलेली भाकरी भरवतो. मशिनीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. जगला, मला तेवढं पुरे आहे.

काल दुपारी घास भरवत होतो, तर तो कोपरांच्या आडून म्हणाला, "दादा, तो अजून हायेच समोर."

"कोण रं?"

"मारणारा. पर आता गुडघ्यावर आलाय. लई दमलाय." तो हसला, पूर्वीसारखा, फिदीफिदी. "अन् कुठं थांबतो ते मला कळलंय आता. तेवढ्यातच घुसायचं."

"बिभीषण, जेव गप," मी म्हणालो. पुढचा घास त्याच्यापुढं केला.

मशिनीच्या खोलीत जाऊन तार बघायला हवी, असं मनात आलं. उठणार, तेवढ्यात त्याचे कोपर खाली आले. अगदी सावकाश, कुणी न ओढता. किती महिन्यांनी मी माझ्या भावाचं तोंड पाहिलं.

तो माझ्या हनुवटीकडं बघत होता.