हॅरियटचं बाक

काठी टेकत कोरिन त्या बाकापाशी पोहोचली आणि नेमका त्याच क्षणी एक उंच तरुण तिथे ऐसपैस बसला. मिलवॉकीच्या वनस्पती उद्यानात नाताळची रोषणाई पाहायला निम्मं शहर लोटलं होतं. बर्फ भुरभुरत होता आणि तिचा उजवा खुबा आता एक पाऊलही पुढे टाकू देणार नव्हता.

"हे बाक माझं आहे," ती म्हणाली.

"नाव लिहिलंय का?" त्याने वळून बाकाच्या पाठीवरची पितळी पट्टी वाचली. "'हॅरियटला हे गुलाब फार आवडत.' तुम्ही हॅरियट?"

"हो."

"मग सांगायला वाईट वाटतं... इथे लिहिलंय, तुम्ही अठ्ठ्याण्णव साली वारलात."

तिला हसू फुटलं. हसताना काठी निसटली, तेव्हा कुठे त्याचं तिकडे लक्ष गेलं. तो उठला, पण त्यात कीव नव्हती, पाहुणीला जागा करून द्यावी इतकंच.

"मी एमेट. बसा, हॅरियट. फार लांबून आलात."

बसल्यावर, का कोण जाणे, तिने त्याला सगळं सांगितलं. गेली दोन वर्षं ती फाटकावर मिळणाऱ्या चाकांच्या खुर्चीतून आली होती. बहीण ढकलायची. बहीण मायाळू होती, पण मुलं कंटाळली की निघायची, आणि कोरिनला जिथे रेंगाळावंसं वाटे ते झाड मागे पडायचं. म्हणून यंदा बहिणीला घरीच ठेवून, बाकाबाकावर टेकत, तळ्याकाठच्या विलोच्या झाडापर्यंत जायचं तिने ठरवलं होतं.

"हवं तिथे थांबायचंय मला. बस."

"पण बाकं तर सगळी भरलेली," एमेट म्हणाला. "मी पुढे जाऊन धरून ठेवतो."

आणि तो खरंच पुढे गेला. निळ्या दिव्यांनी मढलेल्या देवदारांखाली तो तिला दुरून दिसायचा — लोकरीच्या टोपीने बाकावरचा बर्फ झटकणारा, कान लाल झालेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना गंभीरपणे सांगणारा, "ही जागा हॅरियटची आहे. त्या बऱ्याच वयस्कर आहेत." मग सत्ताविशीची कोरिन येऊन बसे आणि लोक पाहत राहत.

"लाज वाटत नाही?"

"तुमच्या वयाचा मान राखतोय."

एक गोष्ट मात्र तिच्या मनात खोल उतरली. चालताना तो एकदाही मागे वळून पाहत नव्हता. ती येणार, हे तो धरूनच चालला होता. इतका विश्वास तिच्या पायांवर आजवर कुणी टाकला नव्हता... तिने स्वतःनेही नाही.

शेवटच्या बाकावर मात्र ती बराच वेळ बसून राहिली. पुढे दिव्यांची लांब कमान, तिच्या टोकाला विलो. मध्ये टेकायला काही नाही. खुबा ठणकत होता. एमेट शेजारी बसला होता. आधार देऊ का, उचलून नेऊ का, असलं त्याने काहीच विचारलं नाही.

"फाटकावरून खुर्ची आणशील?" ती अखेर म्हणाली. "पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

"कबूल."

तो गर्दीत मिसळला. उशीर होत गेला तशी तिला शंका येऊ लागली... अनोळखी माणूस, थंडीची रात्र, फाटकाबाहेरच त्याची गाडी असेल, तसाच निघून गेला तर? तेवढ्यात ओली टोपी दिसली. खुर्चीच्या बैठकीवर त्याने आपला मफलर अंथरला होता.

कमानीत ती तीनदा थांब म्हणाली. एकदा सोनेरी वेलीपाशी, एकदा दिव्यावर वितळणाऱ्या बर्फापाशी, आणि एकदा उगाचच, तो थांबतो का ते पाहायला. तिन्ही वेळा चाकं जागच्या जागी थबकली.

मग विलो आला. निष्पर्ण फांद्यांवरून पांढरा प्रकाश थेट पाण्यापर्यंत ओघळत होता. तिने मनात जपलेल्या चित्राहून तो कितीतरी सुंदर होता.

"आता कुठे न्यायचं, हॅरियट?"

"कोरिन," ती म्हणाली. "माझं नाव कोरिन आहे."

"कोरिन." त्याने ते सावकाश उच्चारून पाहिलं. "कुठे जायचं?"

"थांब."

"थांबलोच आहे की."

"तसं नाही..." तिने हात मागे नेला आणि खुर्चीच्या मुठीवरच्या त्याच्या गार बोटांवर ठेवला. "थांब."

तो पुढे आला आणि तिच्या शेजारी बर्फातच बसला.