उलट्या अक्षरांचा चाकू

तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातातल्या चाकूकडे बघत होता... तिथंच मला त्याचा संशय आला.

अमरावतीच्या बाजारात मी संत्र्याची कलमं विकायला बसले होते. वरून पाऊस भुरभुरत होता.

"हा चाकू कुठला?"

"इलायती हाय."

"मंग अक्षरं उलटी कावून?"

मी चाकू मिटून कनवटीला लावला. नाव सहदेव, अकोल्याच्या शाळेत मास्तर, हे त्यानं न विचारताच सांगितलं आणि एक कलम घेऊन गेला. पुढच्या रविवारी पुन्हा हजर, पुन्हा एक कलम. तिसऱ्या रविवारी त्यानं रुमालातून चार जुने घडीचे चाकू काढले. सगळ्यांच्या पात्यांवर तीच उलटी अक्षरं. हे कुणी घडवले, कुठे, कोणत्या साली, याचा तो शोध घेत होता. म्हणे छंद! डोळे मात्र असे, की खोटं बोलताना माझीच जीभ अडखळावी.

घरी सांगितलं तर बाबांचा चेहराच उतरला. तरुणपणी लोहारकाम शिकून त्यांनी वलगावात भट्टी घातली होती. विलायती अक्षरांशिवाय चाकू कुणी हातात धरेना, म्हणून त्यांनी एका साहेबी चाकूवरची अक्षरं ठशावर जशीच्या तशी कोरली. ठसा उलटा कोरायचा असतो, हे न वाचता येणाऱ्याला कोण सांगणार? अडीचशे चाकू विकल्यावर एका वकिलानं हसत हसत चूक दाखवली, आणि खोट्या शिक्क्याला तुरुंग असतो, हेही सांगितलं. बाबांनी भट्टी मोडून बाग धरली.

"पोलिसाचा मानूस असन तो," ते म्हणाले. "शकुन, माहं नाव निंगू देऊ नको."

चौथ्या रविवारी मी तोंडावरच विचारलं, "तुमी पोलिसाचे काय? अन् एवढ्या कलमांचं करता काय?"

"शाळेच्या आवारात लावली. तुमच्याशी बोलाले काई तरी घ्याच लागते..." मग त्यानं वहीच माझ्या हातात दिली. "दोन वर्साचं काम हाय. वाचा. नाई पटलं, तं चुलीत टाका."

संध्याकाळी मी बाबांना वही वाचून दाखवली. मुठी आधी शिंगाच्या, मग लाकडाच्या. कमानीचा खटका अजून तसाच वाजतो. घडवणाऱ्याचा हात फार चांगला, नाव मिळालं नाही. पहिला चाकू बहुधा १९१० चा. बाबा चुलीकडे बघत होते. मला वाटलं, गेली वही.

"दहा सालचा?" ते एकदम तापले. "पलेगाच्या साली घडवला म्या पयला चाकू. अन् मास्तर म्हनवते सोताले!"

इतक्या वर्षांची भीती एका चुकलेल्या सालापुढे हरली. मला हसू आलं आणि रडूही.

पाचव्या रविवारी मी वही परत केली. "साल चुकलं तुमचं."

"मालूम हाय," तो म्हणाला. "खरं साल मले बी ठाव नवतं, मुद्दामच चुकीचं टाकलं. खरा कारागीर आयकून गप बसत नाई."

म्हणजे माणूस लबाड होताच, फक्त पोलिसाचा नव्हता. आणि मला तो आवडला होता, हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

"खरं साल कोनतं?" त्यानं पेन्सिल काढली.

"घरी येऊन बाबाले विचारा," मी म्हटलं. "अन् एकटे येऊ नका... आईले घेऊन या."

साल विचारायला आई कशाला, हे मास्तरांना उमगायला अंमळ वेळच लागला. उमगलं तेव्हा मात्र तो असा लाजला, की माझा उरलासुरला संशय तिथंच फिटला.